तीनाला दोन

टाकी क्रेनच्या साखळीवरून खाली टेकली आणि मामाच्या हातातला चहा तसाच गार झाला. टाकीवरची पाटी त्याने वाचली नव्हती. वाचायची गरजच पडली नाही, कारण टाकीच्या पोटाखालून गेलेला लांबलचक जोड त्याने आधी पाहिला. शाळेतल्या सोबत्याचं अक्षर ओळखू यावं तसा वेल्डरला दुसऱ्याचा हात ओळखू येतो. इथे वेढ्याला वेढा नीट लागलेला, कुठे घाई नाही, कुठे आळस नाही. असा हात या कारखान्यात एकाच माणसाचा होता आणि तो माणूस याच टाकीत मेला होता.

त्याला आता अकरा वर्षं होऊन गेली. मेलेला माणूस म्हणजे मामाच्या थोरल्या बहिणीचा नवरा, त्याचे दाजी. मामाच्या हातात पहिल्यांदा वेल्डिंगची टॉर्च दिली ती त्यांनीच. पहिल्याच आठवड्यात मामा काळी काच न लावता शहाण्यासारखा ज्योतीकडे बघत बसला आणि मग डोळ्यांत वाळू गेल्यासारखा विव्हळायला लागला, तेव्हा पापण्यांवर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवणारेही तेच. पट्टी बदलताना प्रत्येक वेळी एक शिवी हासडायचे, पण पट्ट्या ठेवायला विसरले नाहीत.

दाजींची मुलगी आता त्याच कारखान्यात वेल्डर होती. लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून दाजींनी तिला ठिणगी म्हणायला सुरुवात केली आणि तेच तिला चिकटलं. ती मामा म्हणते म्हणून बाकीचेही त्याला मामा म्हणायला लागले. मालक त्याच्याहून दहा वर्षांनी मोठे, तेही मामाच म्हणत. सगळ्या कारखान्याचा मामा व्हायला फार अक्कल लागत नाही, असं तो स्वतःच हसून सांगायचा.

मालक टाकीला वळसा घालून आले. "गळतेय म्हणून परत पाठवलीय. आतून, तळाला, साधारण मधोमध. केसाएवढी चीर आहे म्हणतात. मामा, आर्गॉनचं काम आहे, तुम्हीच बघा."

साधारण मधोमध म्हणजे नेमकं कुठे, ते मामाला न बघताच कळलं. आतल्या बाजूचा जोड दाजींनी जिथवर आणला होता तिथे ते कोसळले होते. उरलेला जोड महिन्याभराने मामाने पुरा केला होता, थरथरत्या हाताने. चीर गेली असणार ती दोघांचे हात जिथे भेटले तिथेच.

"मी जाते आत," ठिणगी म्हणाली. तिने पाटी वाचली होती. आवाज साधा ठेवायचा तिने प्रयत्न केला, पण तो काही तिला जमला नाही. "आर्गॉनची परीक्षा पास झालेय मी. कागद आणून दाखवू?"

"नाही."

"मामा, बाबा जिथे होते ती जागा मला एकदा बघायचीय."

"मी जिवंत असेपर्यंत तू या टाकीत उतरणार नाहीस. संपला विषय." एवढं तो ओरडला की लेथवाल्याने मशीन बंद करून मान वर केली.

ठिणगीने ओठ दाबले. मग म्हणाली, "बरं. मग तू जा आत. बाहेर मी बसते."

तिला आत जाऊ द्यायचं नाही एवढंच मामाच्या डोक्यात होतं, बाहेर कोण बसणार हा विचार त्याने केलाच नव्हता.

बंद टाकीत उतरणाऱ्या वेल्डरला बाहेर एक माणूस लागतो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा नुसता स्टुलावर बसून पगार खातोय. पण आतल्याचा जीव त्याच्या हातात असतो. आत ताजी हवा ढकलणारा पंखा चालू आहे ना, सिलिंडर साखळीने बांधून उभा आहे ना, गॅसची नळी कुठे दबली नाही ना, सगळं त्यानेच बघायचं. तापलेल्या जोडाला हवा लागू नये म्हणून टॉर्चमधून सोडतात तो आर्गॉन वायू काही विषारी नाही. त्याला वास नाही, रंग नाही, घशाला तो खवखवत नाही. तो हवेपेक्षा जड असतो, एवढंच. पंखा थांबला की गुपचूप तळाशी साठत जातो आणि श्वासातली हवा बाजूला सारतो. माणूस गुदमरतही नाही. त्याला छान सुस्ती येते आणि मग काहीच येत नाही.

पंख्याच्या घोंघाटात हाक पोचत नाही, पण पत्र्यावरचा ठोका पोचतो. म्हणून दाजींनी या कारखान्यात एक पद्धत घालून दिली होती. बाहेरच्याने दर पाच मिनिटांनी हातोडीने तीन ठोके मारायचे. आतल्याने दोन मारून उत्तर द्यायचं. तीनाला दोन. दोन आले की आतला माणूस ठीक आहे, नाही आले की एक क्षण न थांबता त्याला बाहेर ओढायचं.

फक्त, दाजींचं उत्तर कधीच वेळेवर येत नसे. जोडात वितळवायची हातातली तार संपल्याशिवाय ते टॉर्च उचलत नसत. मधेच सोडलेला जोड मधेच दगा देतो, हे त्यांचं ठरलेलं म्हणणं. त्यामुळे बाहेरच्याने तीन मारायचे आणि मग जीव मुठीत धरून बसायचं. एक मिनिट जाई, दोन जात, आणि मग आतून सावकाश दोन ठोके येत, जणू काही झालंच नाही. मामानेही ही खोड जशीच्या तशी उचलली होती. मामाला ठोका मारून मधल्या वेळात अंघोळ करून यावी, असं लेथवाला म्हणायचा.

बाहेर बसायचं काम मात्र मामाने अकरा वर्षांत एकदाही केलं नव्हतं. लोक म्हणत, बिचाऱ्याने धसका घेतलाय, दाजींवर जीव होता त्याचा. जीव होता हे खरंच होतं. पण बाकीचं कोणालाच माहीत नव्हतं, आणि आता त्या माहीत नसलेल्या गोष्टीच्या दारात दाजींची मुलगी स्टूल टाकून बसणार होती.

त्या दिवशी दाजी आत होते आणि मामा बाहेर. सकाळी अकराच्या सुमाराला फाटकाशी एक मित्र नवीकोरी मोटरसायकल घेऊन आला. "एक चक्कर मार," म्हणाला. मामाने तीन ठोके मारले, दोनची वाट बघितली, दोन आले आणि तो गेला. एक चक्कर म्हणता म्हणता पंचवीस मिनिटं झाली. परत आला तेव्हा शेडमध्ये विचित्र शांतता होती आणि ती कशाची हे कळायला त्याला जरा वेळ लागला. पंखा बंद होता. कोणीतरी ग्राइंडर लावायला बोर्डातून पंख्याची पिन उपटली होती आणि काम झाल्यावर परत लावायची विसरला होता. तो कोण, ते मामाने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण कुठे होतो हेही सांगावं लागलं असतं.

त्याने पिन खोचली. हातोडीने तीन ठोके मारले आणि लगेच आतून दोन आले. मामाच्या जीवात जीव आला. त्यानंतर त्याने चार वेळा ठोके मारले आणि चारही वेळा पटकन उत्तर आलं. तो खूश होऊन शीळ घालत बसला. जेवणाची सुट्टी झाली तरी दाजी वर आले नाहीत, तेव्हा मालकांनी आत बॅटरीचा झोत टाकला.

मामा आत उडी मारायला धावला होता, पण लेथवाल्याने मागून मिठी घालून त्याला धरून ठेवलं, नाहीतर त्या दिवशी दोन गेले असते. डॉक्टर म्हणाले, तासाभरापूर्वीच संपलंय सगळं. मामा म्हणाला, असं कसं, ते तर शेवटपर्यंत उत्तर देत होते. डॉक्टरांनी खांदे उडवले. लोक म्हणाले, डॉक्टरांचा अंदाज चुकला असेल. ताईने त्याच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "तू होतास ना रे त्यांच्याजवळ? एकटे नव्हते ना ते?" आणि मामा म्हणाला, "होतो, ताई. जवळच होतो." पंखा आणि मोटरसायकल यांबद्दल त्याने ब्र काढला नाही. आणि डॉक्टर जर बरोबर असतील तर मग उत्तर कोण देत होतं, हा प्रश्न तर तो स्वतःलाही विचारायला धजत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठिणगीने तयारीला सुरुवात केली आणि मामाला तिचा अभिमान वाटायला लागला, इतका की क्षणभर तो भीतीसुद्धा विसरला. नळीच्या प्रत्येक जोडाला तिने साबणाचा फेस लावून बघितला, कुठे बुडबुडा येतोय का म्हणून. अर्थिंगचा चिमटा घासून स्वच्छ केला. मामाच्या खिशातला लायटर मागून घेतला. पंख्याची पिन बोर्डात खोचून तिच्यावर चिकटपट्टीचे पाच-सहा वेढे दिले आणि वर कागद लावला, 'आत माणूस आहे, हात लावू नये'. तो कागद बघून मामाने मान फिरवली.

"हवा मोजायचं यंत्र कुठाय?" तिने मालकांना विचारलं.

"सांगून ठेवलंय ना," मालक म्हणाले. ते गेले आठ महिने सांगूनच ठेवत होते.

मग तिने टाकीच्या तोंडावर तिपाई उभी केली, तिला चेनपुली अडकवली, पुलीच्या साखळीच्या आकड्याला दोर बांधला आणि त्याचं दुसरं टोक मामाच्या अंगावरच्या पट्ट्याला बांधलं.

"हे कशाला? विहिरीतून बादली काढणार आहेस का?"

"बादली गुपचूप वर येते. तू येशील का?" तिने गाठ ओढून बघितली. "तीनाला दोन. आणि जरा लवकर दे उत्तर, मामा. बाहेर बसणाऱ्याचे हाल होतात."

"तार संपली की देईन," मामा म्हणाला. ती हसली. अगदी बापासारखी हसायची.

तो शिडीवरून आत उतरला. स्टीलच्या टाकीत सगळीकडे आपणच दिसतो, लांबट, वाकडे, डोकं मोठं झालेले. वरून पंख्याची जाड नळी लोंबत होती, तिचं तोंड त्याने तळाकडे वळवून ठेवलं. मग टॉर्च आणि नळी ओढत गुडघ्यांवर मधोमध गेला आणि बॅटरीच्या उजेडात ती जागा शोधली. एका बाजूने दाजींचे वेढे येत होते, एकसारखे, शांत. ते एका छोट्या खळग्यापाशी थांबले होते. तिथून पुढे मामाचे सुरू झाले होते, रुंद, फुगलेले, भ्यालेल्या माणसाच्या सहीसारखे. दोन्हींच्या मधून काळी चीर गेली होती. मामाने हातमोजा काढून खळग्यावर बोट ठेवलं. इथे दाजींच्या हातातून टॉर्च सुटली होती. त्याला मोठ्याने रडावंसं वाटलं, पण बाहेर ठिणगी होती.

त्याने हातमोजा परत चढवला, चीर ग्राइंडरने खरवडून काढली, काच तोंडावर ओढली, कुशीवर रेलला आणि काम सुरू केलं. काचेमागे जग उरत नाही. हिरवट अंधारात वितळलेल्या धातूचा एक ठिपका दिसतो आणि त्यात टेकवलेली तार, बस. थोड्याच वेळात तीन ठोके आले. मामाने हातातली तार संपवली, शेजारी ठेवलेली छोटी हातोडी उचलून दोन ठोके दिले आणि नवी तार घेतली. पाच मिनिटांनी परत तीन. परत त्याने तार संपवली आणि दोन दिले. भीती हळूहळू ओसरत होती. लोखंड असो की स्टील, हाताला काम मिळालं की मन जागेवर येतं, असं तो नेहमी म्हणायचा.

तिसऱ्यांदा ठोके आले तेव्हा तार अर्धीच संपली होती. मामाचे दोन्ही हात कामात होते. आणि त्याच्या डाव्या बाजूला, वीतभर अंतरावर, कोणीतरी लगेच दोन ठोके दिले.

हात थांबले. ज्योत विझली. त्याने काच वर केली. समोर त्याचीच वाकडी छबी त्याच्याकडे बघत होती. छोटी हातोडी होती तिथेच, त्याच्या गुडघ्याजवळ. तापलेला पत्रा गार होताना आवाज करतो, त्याने स्वतःला समजावलं. पण तापलेला पत्रा बरोबर दोनदाच आणि बरोबर ठोक्यांनंतरच आवाज करत नाही, हे कळायला वेल्डर असायची गरज नव्हती.

त्या क्षणी त्याने शिडी गाठायला हवी होती. गाठली नाही, कारण वर गेलं की ठिणगी विचारणार, का आलास? आणि तिला काय सांगायचं? त्याऐवजी तो पाय आवरून, टाकीच्या कडेला पाठ लावून बसला. टॉर्च त्याने तळावर ठेवली. गॅसची चावी बंद करायला तो विसरला. पाय आवरताना त्याच्या टाचेने पंख्याची नळी लाथाडली गेली आणि तिचं तोंड छताकडे वळलं, तेही त्याला कळलं नाही. वीस वर्षं काम केलेला कसबी वेल्डर, दुसऱ्या कोणी यातली एक चूक केली असती तर त्याच्या थोबाडीत मारली असती त्याने. पण त्याचं सगळं लक्ष कानांत गोळा झालं होतं. हातोडी उचलून, हात उगारून तो वाट बघत होता.

तीन ठोके आले. त्याचा हात खाली यायच्या आत दोन ठोके गेले. या वेळी ते त्याच्या मांडीखालून गेले, पत्र्यातून थेट हाडापर्यंत.

"दाजी?" तो म्हणाला. टाकीने ते नाव घोळवून घोळवून परत दिलं. तो भीत होता आणि तरी कुठेतरी त्याला भयंकर आनंदही झाला होता. "दाजी, तुम्ही आहात?" त्याने खाली वाकून तळाला कान लावला, लहान मूल आईच्या पोटाला लावतं तसा. पत्रा गार होता. बरं वाटलं. शेजारी टॉर्चमधून गॅस बारीक फुसफुसत होता आणि तो आवाजही बरा वाटला. सकाळपासूनचा ताण अंगातून उतरून चाललाय, असं त्याला वाटलं. थोडा वेळ असंच पडावं.

याच सुस्तीबद्दल तो दर वर्षी नव्या वेल्डरांना तासभर बजावायचा. ते आठवलं तेव्हा त्याने उठायचा प्रयत्न केला आणि हात उठला नाही. आपला हात तिथे पडलेला त्याला दिसत होता, हातमोजा घातलेला, दुसऱ्याच कोणाचा असल्यासारखा.

तीन ठोके आले. लगेच दोन गेले.

आणि मग मामाला सगळं समजलं. ठिणगी बाहेर बसून हे दोन ठोके ऐकतेय. तिला वाटतंय, मामा ठीक आहे. ती बसून राहणार, आपण शीळ घालत बसलो होतो तशीच, आणि आतून उत्तर येत राहणार. दुपारी कोणीतरी आत झोत टाकेल. मग ती रडत सगळ्यांना सांगेल, शेवटपर्यंत उत्तर देत होता, आणि जन्मभर स्वतःला खात बसेल. मरायचं त्याला तेवढं वाईट वाटलं नाही. पण त्या पोरीच्या वाट्याला आपलं आयुष्य येणार, या विचाराने त्याच्या काळजाचं पाणी झालं. तो मी नाही गं, त्याला ओरडायचं होतं, तो मी नाही. जीभ हलली नाही. डोळ्यांसमोरचा उजेड काचेमागच्या ठिपक्याएवढा झाला आणि तोही विझला.

काखेत काहीतरी रुतलं. मग कोपर सोललं गेलं, मग डोकं कशावर तरी आपटलं, आणि मग डोळ्यांवर ऊन आलं.

तो शेडच्या दाराबाहेर जमिनीवर पडला होता. लेथवाला पुठ्ठ्याने वारा घालत होता आणि सगळ्या देवांना एकदमच हाका मारत होता. मामाला भडभडून ओकारी झाली. डोकं फुटेल असं दुखत होतं. मालक फोनवर ओरडत होते, अँब्युलन्स कुठे पोचली, फाटकाशी माणूस उभा करतो. ठिणगी त्याच्या उशाशी बसली होती. साखळी ओढून तिचे तळवे सोलून निघाले होते, कारण घाईत तिने हातमोजे घातले नव्हते.

"हातमोजे कुठेत?" मामा पुटपुटला.

"बघा, बोलतोय," ठिणगी म्हणाली आणि रडायला लागली. लेथवाला आणि मालक अँब्युलन्सला वाट दाखवायला फाटकाकडे धावले. बाकीचेही त्यांच्यामागे गेले.

श्वास जरा जागेवर आल्यावर मामाने विचारलं, "कसं कळलं तुला? उत्तर तर जात होतं."

"जात होतं ना. लगेच जात होतं." तिने मनगटाने नाक पुसलं. "पहिल्या दोन वेळा मी नेहमीसारखी ताटकळत बसले. तिसऱ्यांदा मी हातोडी खाली ठेवायच्या आत दोन आले. म्हटलं, आज ऐकलं वाटतं माझं. चौथ्यांदाही तसंच. मामा, जन्मल्यापासून तू माझ्या एका हाकेला ओ दिलेली नाहीस. म्हटलं, आणखी एकदा बघू. पाचव्यांदाही ठोक्याला लागून ठोका आला आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. हा मामा नाही, म्हटलं. खाली ओरडले, दोर हलवला, तू काही हलला नाहीस. मग सिलिंडर बंद केला आणि साखळी ओढायला लागले. आत उतरले नाही. तूच शिकवलंयस ना, उतरायचं नाही."

मामाने डोळे मिटले. अकरा वर्षं जे घशात अडकलं होतं ते ओकारीसारखं वर आलं आणि या वेळी त्याने ते गिळलं नाही. त्याने सगळं सांगितलं. मोटरसायकल, पंचवीस मिनिटं, बोर्डातून काढलेली पिन. मी बाहेर नव्हतो, ठिणगे. तुझ्या आईला मी खोटं सांगितलं. ती पोर ऐकत होती. तिचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत गेला. तिने थोबाडीत मारली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

"आणि उत्तर?" शेवटी ती म्हणाली. "पंखा परत लावलास, त्यानंतर उत्तर येत होतं म्हणालास."

"पाच वेळा आलं. लगेच."

"लगेच?"

"हो, मी मारले की..." मामा मधेच थांबला.

"बाबांचं उत्तर," ठिणगी एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आणि लगेच?"

तार संपल्याशिवाय हात न उचलणारा माणूस. ज्याच्या उत्तराची वाट बघण्यात मामाची सगळी उमेदवारी गेली तो माणूस. त्या दिवशी तो ठोक्याला ठोका देत होता, पाच वेळा, आणि त्याचा पट्टशिष्य बाहेर शीळ घालत बसला होता.

"ते सांगत होते तुला, मामा," ती म्हणाली. "त्यांना दुसरं काय करता येत होतं? आज मला सांगितलं."

मामा ढसाढसा रडला. तिने त्याला जवळ घेतलं नाही, पण उठूनही गेली नाही. त्याचं रडणं ओसरल्यावर म्हणाली, "आईला तू सांगायचंस. आजच. मी सांगणार नाही."

"सांगेन."

मग ती उठली. आत जाऊन तिने पंखा बंद केला आणि शेडमध्ये इतकी शांतता पसरली की छताचा पत्रा उन्हाने कुरकुरतोय तेही दारातून ऐकू येत होतं. मामा भिंतीला धरून उभा राहिला. टाकीच्या उघड्या तोंडावर त्याच्या पट्ट्यातून सोडवलेला दोर लोंबत होता. ठिणगीने हातोडी उचलली, सोललेल्या तळव्याने घट्ट धरली आणि पत्र्यावर तीन ठोके मारले.

काहीच झालं नाही. "अगं, चल आता," मामा दारातून म्हणाला. तिने मागे न बघता हात वर करून त्याला गप्प केलं. फाटकाशी अँब्युलन्स वळल्याचा आवाज आला. ठिणगी हातोडी छातीशी धरून उभी होती, बाहेर बसणारा उभा राहतो तशी.

एक सबंध तार संपायला लागतो तेवढा वेळ गेला. मग आतून, सावकाश, दोन ठोके आले.